गार पाण्यानं धुतलेला माल

जुन्या बॅटऱ्यांमधला सगळ्यात हलका धातू आमच्या रिसायकलिंग कारखान्यात सगळ्यात शेवटी हाती लागतो. मोबाइल, लॅपटॉप, स्कूटरच्या बॅटऱ्या पूर्ण डिस्चार्ज करायच्या, श्रेडरमधून काढायच्या, चाळून ‘ब्लॅक मास’ ही काळी भुकटी वेगळी करायची. ती सल्फ्युरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवली की तांबं, ॲल्युमिनियम, मग कोबाल्ट, निकेल असं एकेक काढत जायचं. शेवटी उरतं लिथियम. ते द्रावण ९० अंशांपर्यंत तापवून सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घातला की लिथियम कार्बोनेटचा पांढरा साका बसतो.

त्या सकाळी रात्रपाळीच्या नोंदवहीत साक्याचं वजन बरंच कमी दिसलं. सोडा बरोबर, पीएच बरोबर, रिॲक्टरचं तापमानही बरोबर. २०२२च्या नोव्हेंबरमध्ये चीनमध्ये टनाला ६ लाख युआनच्या आसपास गेलेलं लिथियम कार्बोनेट वर्षभरात १ लाखाच्या घरात आलं होतं. अशा दिवसांत वजनातली तूट मालकांना सांगायची म्हणजे शिक्षाच.

ऑपरेटर काका अजून घरी गेले नव्हते. म्हणाले, “मॅडम, पहाटे बॉयलर ट्रिप झाला. सेंट्रिफ्यूजमध्ये माल गार पाण्यानंच धुतला. चांगला भरपूर धुतला.” सेंट्रिफ्यूज म्हणजे गरागरा फिरून मालातलं पाणी बाहेर फेकणारं यंत्र.

धुणं गरजेचंच असतं. साक्याला सोडियम सल्फेट चिकटलेलं असतं आणि बॅटरीसाठी निदान ९९.५ टक्के शुद्धता लागते. काकांची उमेदवारी साखर कारखान्यात सेंट्रिफ्यूजवरच झालेली. तिथे गरम पाणी जास्त झालं की साखर विरघळून मळीत जाते. त्यांच्या हिशेबानं बॉयलर बंद पडला हे बरंच झालं.

लिथियम कार्बोनेटचं मात्र उलटं आहे. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात ते साधारण १३ ग्रॅम विरघळतं, उकळत्या पाण्यात जेमतेम ७. मी ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाकडे, जाणारा व्हॉल्व्ह बंद करायला लावला, धुवणाचं नितळ पाणी बीकरमध्ये घेतलं आणि हॉटप्लेटवर ठेवलं. बघता बघता ते दुधासारखं झालं. काका चष्मा काढून बघत राहिले. “तापवल्यावर जमतंय?” फ्लेम फोटोमीटरनं पाण्यातल्या लिथियमचा आकडा दिला, पण खरं तर त्याची गरज उरली नव्हती.

मॅनेजर साहेबांना घाई. बॉयलर सुरू होताच त्यांनी टाकीतलं सगळं पाणी स्टीम कॉइलनं तापवायला सांगितलं. कॉइल जाम होईल, असं मी म्हटलं होतं. दुपारपर्यंत कॉइलवर पांढरी खरपुडी चढली, कारण सगळ्यात गरम जागा तीच. पाणी तापेना. मग कॉइल सौम्य सल्फ्युरिक ॲसिडनं धुतली. खरपुडीचं लिथियम सल्फेट झालं आणि ते द्रावण पुढच्या बॅचमध्ये ओतलं. उरलेल्या पाण्यात त्याच बॅचचा सोडा कालवला. तेव्हापासून धुवणाचं पाणी ईटीपीला जात नाही, सोड्याच्याच टाकीत जातं. सेंट्रिफ्यूजवर काकांनी खडूनं लिहून ठेवलंय: ‘वाफ नसेल तर थांबा.’