चालते आहे ना, मग अजून काय सुधारता?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो. प्रश्न नवा नाही. जवळपास याच शब्दांत तो मला अनेकांनी विचारला आहे. माझ्या पडद्यावर झेडएक्स स्पेक्ट्रम या सिंक्लेअर कंपनीच्या जुन्या घरगुती संगणकाचा एम्युलेटर चालू असतो, सुरुवातीला तळाशी १९८२ सालच्या स्वामित्वहक्काची ओळ उमटते, मग एखादा जुना खेळ लोड होतो, तो नीट खेळताही येतो, आणि शेजारी उभा असलेला माणूस म्हणतो, "हे तर सगळे चालते आहे. मग इतकी वर्षे तुम्ही यात सुधारता तरी काय?"

एम्युलेटर म्हणजे एका यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्रॅम. ही कल्पना घरगुती संगणकांहून जुनी आहे. आयबीएमने १९६४ साली सिस्टम/३६० ही मालिका जाहीर केली, तेव्हा आपल्या जुन्या १४०१ या संगणकासाठी लिहिलेले प्रोग्रॅम ग्राहकांना टाकून द्यावे लागू नयेत म्हणून नव्या यंत्रांत जुन्याचे सोंग घेण्याची सोय ठेवली होती. आमचा एम्युलेटर तेच करतो, फक्त छंद म्हणून आणि सर्वांना मोकळ्या असलेल्या सोर्स कोडमधून. सगळी सोंगे आणता येतात पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपण म्हणतो. एम्युलेटर लिहिणाऱ्याने त्यात पैशाच्या जागी वेळ घालावी. स्पेक्ट्रममधल्या झेड८० या प्रोसेसरच्या आज्ञा एकामागून एक वाचून त्यांचे काम करणारा कोड सराईत प्रोग्रॅमर काही दिवसांत लिहितो, आणि तेवढ्यावर पुष्कळ खेळ चालूही लागतात. प्रत्येक गोष्ट खऱ्या यंत्रात ज्या क्षणी घडायची नेमकी त्याच क्षणी घडवणे, हे उरलेले काम मात्र वर्षानुवर्षे पुरते.

उदाहरणाशिवाय हे पटणार नाही. ४८ के मेमरीच्या स्पेक्ट्रमचा प्रोसेसर सेकंदाला पस्तीस लाख ठोके टाकतो. या एका ठोक्याला टी-स्टेट म्हणतात. पडद्यावरचे एक चित्र पूर्ण होण्यास ६९,८८८ टी-स्टेट लागतात: ३१२ रेषा आणि प्रत्येक रेषेला २२४. या काळात यूएलए नावाची दुसरी चिप मेमरीतून चित्र वाचून टीव्हीकडे पाठवत असते, आणि एका टी-स्टेटमध्ये दोन बिंदू रंगवून होतात. चित्राची मेमरी आणि प्रोसेसरची खालची १६ के रॅम एकच असल्यामुळे दोघांना एकाच वेळी ती हवी झाली, की यूएलए सरळ प्रोसेसरचे घड्याळ थांबवून ठेवते. हा थांबा दर आठ टी-स्टेटच्या चक्रात ६, ५, ४, ३, २, १, ०, ० असा उतरत जातो. तोही फक्त चित्राच्या १९२ रेषांवर आणि प्रत्येक रेषेच्या पहिल्या १२८ टी-स्टेटपुरता. त्यामुळे एकच आज्ञा मेमरीत कोठे ठेवली आहे आणि चित्राच्या कोणत्या क्षणी आली आहे, यावर तिला लागणारा वेळ ठरतो. काही यंत्रांत तर हे सारे गणित एका टी-स्टेटने उशिरा सुरू होते, म्हणजे ‘खरे यंत्र’ म्हटले तरी कोणते, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

मी या प्रकल्पात आलो तेव्हा आमचा एम्युलेटर एक आज्ञा पूर्ण अमलात आणत असे आणि तिचे टी-स्टेट नंतर एकगठ्ठा घड्याळात मिळवत असे. चित्राभोवतीच्या किनारीचा रंग बदलण्यासाठी प्रोग्रॅम २५४ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे प्रोसेसरने बाहेरच्या भागांशी बोलण्याच्या वाटेवर, ‘आउट’ ही आज्ञा देतो. ठरावीक क्षणी हा रंग बदलत राहिले की किनारीवर पट्टे दिसतात, आणि पुष्कळ प्रोग्रॅमकारांनी यात विलक्षण कसब दाखवले आहे. आमच्याकडे हे पट्टे डावीकडे सरकलेले दिसत. कारण साधी ‘आउट’ अकरा टी-स्टेटची असली तरी तिच्यातले पोर्टवर लिहिण्याचे चक्र पहिल्या सात टी-स्टेटनंतर सुरू होते, आणि आम्ही मात्र ते लेखन आज्ञेच्या आरंभीच उरकून टाकत होतो. माझ्या आधी कोणीतरी हे पाहून किनार रंगवण्याच्या कोडमध्ये सात हा आकडा मिळवला होता. शेजारी टिप्पणी होती, "का ते माहीत नाही, पण याने जमते."

या टिप्पणीवर मी आधी हसलो आणि पुढचे कित्येक आठवडे तिच्यामुळेच रडलो. ‘आउट’ एकाच प्रकारची नसते. जिच्यात पोर्टचा क्रमांक रजिस्टरमधून, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यातून, येतो, तिच्यात लेखनाचे चक्र आठ टी-स्टेटनंतर येते. आणि मेमरीतला बाइट उचलून पोर्टवर टाकणारी ‘आउटआय’ ही आज्ञा सोळा टी-स्टेटची असून तिचे लेखन बारा टी-स्टेटनंतर येते. म्हणजे साताचा तोडगा पहिलीला बरोबर, दुसरीला एका ठोक्याने चूक आणि तिसरीला पाच ठोक्यांनी चूक. त्यात ४८ केच्या यंत्रात किनारीचा रंग चार-चार टी-स्टेटच्या टप्प्यानेच बदलतो, त्यामुळे एका ठोक्याची चूक बहुतेक वेळा दिसतच नाही आणि कधीतरी पट्टा एकदम आठ बिंदूंनी उडतो. कधी दिसणारी आणि कधी न दिसणारी चूक ही कायम दिसणाऱ्या चुकीपेक्षा कितीतरी अधिक छळते.

उपाय समजायला सोपा होता: आज्ञेने नव्हे, तर आज्ञेतल्या प्रत्येक वाचनाने आणि लेखनाने घड्याळ स्वतः पुढे सरकवायचे, आणि ते सरकवताना यूएलएचा थांबाही तिथेच मोजायचा. करायला मात्र तो सोपा नव्हता, कारण झेड८०च्या उपसर्गांसह असलेल्या शेकडो आज्ञांपैकी प्रत्येकीची फोड करावी लागली. ‘आउटआय’चे ४, ५, ३, ४ असे तुकडे पडतात, त्यातल्या पाचातला जादा एक ठोका चालू असताना पत्त्याच्या तारांवर काय असते, हेही महत्त्वाचे ठरते, कारण तो पत्ता यूएलए आणि प्रोसेसर यांच्यातल्या सामाईक मेमरीतला निघाला तर यूएलए तिथेही थांबवते. ही फेररचना मी जोडली त्या दिवशी पूर्वी व्यवस्थित चालणारे अनेक प्रोग्रॅम बिघडले. जुन्या कोडमध्ये साताच्या आकड्यासारखे आणखी काही आकडे ठिकठिकाणी लपलेले होते आणि ते एकमेकांच्या चुका झाकत होते; मी एक चूक काढली, तशा बाकीच्या उघड्या पडल्या. ‘पूर्वीचेच बरे होते’ असे प्रकल्पातल्या एका सहकाऱ्याने लिहिले आणि त्या आठवड्यापुरते ते खरेही होते.

"पण अशा अडगळीतल्या वर्तनावर कोण अवलंबून असते?" असा उपप्रश्न येतो. पुष्कळजण असतात, आणि पुष्कळदा नकळत. ज्या पोर्टवर कोणतेही उपकरण नाही ते वाचले तर काहीच मिळू नये, ही आपली अपेक्षा. पण स्पेक्ट्रममध्ये त्या क्षणी यूएलए चित्रासाठी जो बाइट वाचत असेल तोच प्रोसेसरच्या हाती लागतो. हा तारांच्या जोडणीचा निव्वळ अपघात आहे. तरी अर्कनॉइड या खेळाची स्पेक्ट्रम आवृत्ती याच अपघाताच्या आधाराने चित्राची किरणरेषा कोठवर आली आहे हे ओळखते. म्हणून एम्युलेटरने रिकाम्या पोर्टवर नेहमी २५५ असे सभ्य उत्तर दिले, तर तो नियमाने वागला असे होईल, पण हा खेळ फसेल. तीच गोष्ट कळफलकाची. पहिल्या यंत्रांतला सर्किट बोर्ड पुढे बदलला, तेव्हा कळफलक वाचताना मिळणाऱ्या बाइटमधील सहाव्या बिटाचे वागणे बदलले. तो बिट खेळ ज्यावरून लोड होत त्या कॅसेटच्या आवाजाचा. कळांशी त्याचा संबंध नाही. पण सुरुवातीच्या काही खेळांनी तो बिट बाजूला न काढता संपूर्ण बाइटच तपासला होता, आणि नव्या बोर्डावर त्या खेळांना कळ दाबलेली कळेनाशी झाली. आमच्या सेटिंगमध्ये ‘जुना बोर्ड’ असा एक पर्याय आहे तो यासाठीच, आणि तो कशासाठी आहे असे विचारणारे पत्र आजही अधूनमधून येते.

आता माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दल. झेड८०च्या फ्लॅग रजिस्टरमध्ये, म्हणजे आज्ञांच्या निकालाच्या खुणा ठेवणाऱ्या कप्प्यात, आठ बिट असतात, त्यांपैकी सहांचा अर्थ उत्पादकाने दिला आहे आणि तिसरा व पाचवा यांचा दिलेला नाही. अर्थ नसला तरी त्यांत काहीतरी मूल्य येतेच, आणि ते कोठून येते याचे नियम लोकांनी चिप तपासून शोधले. ‘एससीएफ’ या आज्ञेनंतर हे दोन बिट मुख्य रजिस्टरमधून येतात असे मी लिहिले, दुसऱ्या एका नावाजलेल्या एम्युलेटरशी उत्तर ताडून पाहिले, दोघांचे जुळले, आणि मी काम संपले असे समजलो. नंतर खरे यंत्र बाळगणाऱ्या एका सदस्याने तीच चाचणी त्याच्यावर चालवली, तर उत्तर वेगळे आले. आधीच्या आज्ञेने फ्लॅग बदलले होते की नव्हते, यावर ते अवलंबून असते, आणि हा बारकावा चिप बाजारात आल्यानंतर सुमारे साडेतीन दशकांनी उलगडला. आम्ही दोघांनी चूक स्वतंत्रपणे केलीच नव्हती. आमची माहिती एकाच जुन्या टिपणातून आली होती. तेव्हापासून कोणताही पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, घेऊन आलेल्याला मी पहिला प्रश्न विचारतो तो हा, की हे तुम्ही यंत्रावर पाहिले आहे की एम्युलेटरवर? काहींना हा प्रश्न उद्धट वाटतो.

याच कारणाने, अमुक खेळ असेल तर तमुक करा, अशा अटी घालणारे पॅच आम्ही घेत नाही. त्यांनी तो खेळ लगेच चालू लागतो, पाठवणारा खूश होतो, पण यंत्राबद्दलचे आपले अज्ञान तेवढेच राहते आणि शिवाय ते झाकले जाते. कॅसेटच्या बाबतीत मात्र आम्ही तडजोड केली आहे, हे कबूल करतो. रॉममधला, म्हणजे यंत्रात कायमच्या बसवलेल्या प्रोग्रॅममधला, कॅसेट वाचणारा भाग शून्य बिटासाठी ८५५ टी-स्टेटचे दोन आणि एक बिटासाठी १,७१० टी-स्टेटचे दोन स्पंद मोजतो. हे सारे जसेच्या तसे केले तर खेळ लोड होण्यास खऱ्या यंत्राइतकीच मिनिटे जातात, आणि तेवढा धीर आता फारसा कोणाला नाही. म्हणून प्रोग्रॅम रॉमच्या त्या भागात शिरला की आम्ही त्याला अडवून फाइलमधला मजकूर थेट मेमरीत ठेवतो. ज्या खेळांनी रॉमला वगळून स्वतःचा लोडर लिहिला, त्यांच्यापुढे ही चलाखी चालत नाही. तिथे स्पंदच मोजावे लागतात. ही सोय बंद करण्याचे बटण आहे, आणि ते कोणी दाबले की मला मनातून बरे वाटते.

कायद्याच्या बाजूने आमचे नशीब चांगले. एम्युलेटरचा कोड आमचा असला तरी रॉममधला कोड आमचा नाही. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ साली अ‍ॅमस्ट्रॅडने विकत घेतला आणि १९९९ साली स्पेक्ट्रमची रॉम एम्युलेटरसोबत वाटण्यास परवानगी दिली. इतर कित्येक जुन्या यंत्रांच्या बाबतीत रॉमचा मालक कोण हेच ठरवता येत नाही, आणि तिथले सहकारी एम्युलेटर देतात पण तो सुरू करायला लागणारी रॉम देऊ शकत नाहीत.

वेगाची चिंता मात्र मला कधी करावी लागली नाही. पस्तीस लाख ठोके आजच्या संगणकाला काहीच नाहीत. काहींनी याहून खोल जाऊन पाहिले आहे: व्हिज्युअल६५०२ या प्रकल्पाने ६५०२ हा प्रोसेसर सूक्ष्मदर्शकाखाली उघडा करून त्याच्या ३,५१० ट्रान्झिस्टरांचे वागणेच प्रोग्रॅममध्ये उतरवले. तिथे अंदाजाला जागा उरत नाही, पण चाल गोगलगायीची होते. आम्ही मधल्या पातळीवर राहतो, म्हणून आम्हाला प्रत्येक वर्तन कोणीतरी पाहून सांगावे लागते.

तर, सध्या काय सुधारतो आहे? झेड८०मध्ये मेमरी ताजी ठेवण्यासाठी पत्त्याच्या तारांवर एक मूल्य सतत येत असते. त्याचा वरचा अर्धा भाग ‘आय’ या रजिस्टरमधून येतो, आणि त्या रजिस्टरमध्ये चित्राच्या मेमरीकडे बोट दाखवणारे मूल्य ठेवले तर यूएलएचा गोंधळ उडून पडद्यावर पांढुरके ठिपके भुरभुरतात. लोक त्याला बर्फ म्हणतात. आमच्याकडे आलेल्या तक्रारीत एकच ओळ होती: तुमच्या एम्युलेटरवर चित्र खऱ्या यंत्रापेक्षा स्वच्छ दिसते. तक्रार रास्त आहे. या आठवड्यात माझ्या पडद्यावर पहिले ठिपके पडले. अजून ते चुकीच्या जागी पडत आहेत.