सॅम्पल साइझचा रकाना : माझा अनुभव

डेझर्टेशनसाठी सर्वेक्षण करायचंय आणि सिनॉप्सिसच्या फॉर्ममधल्या 'सॅम्पल साइझ' (म्हणजे किती जणांना विचारणार) या रकान्यापाशी गाडं अडलंय, अशांसाठी हे लिहितेय. विषय ठरणं, गाइड मिळणं, प्रश्नावली तयार होणं हे सगळं बिनबोभाट पार पडलं. त्या एका रकान्याने मात्र माझं अर्धं सेमिस्टर खाल्लं आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

विषय साधा होता. बस दर दहा मिनिटांनी आली तर पुण्यातल्या कर्वेनगर-वारजे भागातली किती घरं रोजची दुचाकी लावून ठेवतील, याचा अंदाज बांधायचा. नमुना मी २४० घरांचा धरला होता. फॉर्म परत आला. २४० भोवती लाल पेनाने गोल आणि शेजारी '३८४?'. बाकी एक अक्षर नाही. ऑफिसातल्या मॅडमना विचारलं, तर म्हणाल्या, "सगळ्यांचे ३८४च असतात. तुझेच कमी कसे?"

हा ३८४ येतो कुठून? ९५ टक्के खात्री हवी, पाच टक्के इकडेतिकडे चालेल आणि लोकांचं मत निम्मं-निम्मं विभागलेलं असेल, असं धरलं की १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरलेला आकडा) चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. उत्तर ३८४.१६. भागात १० हजार घरं असली तर ३७० पुरतात आणि १० लाख असली तरी ३८४च लागतात. पण हे गणित एका अटीवर उभं आहे: प्रत्येक घराला निवडलं जाण्याची सारखी संधी हवी. ती अट आमच्या फॉर्मवर कुठेही नाही. आमच्याच वर्गातल्या एकाने 'गूगल फॉर्म व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवून ३८४ प्रतिसाद' असं लिहिलं, आणि त्याचा सिनॉप्सिस पहिल्याच बैठकीत पास झाला. ग्रुप कुणाचे, त्यात कोण आहे, कोण नाही, कुणी विचारलं नाही.

मी हिशेब मांडून नेला. २४० घरांवर चूक ६.३ टक्क्यांपर्यंत जाते, ३८४ वर पाचपर्यंत. म्हणजे सगळी हुज्जत १.३ टक्क्यांची. उलट भलत्याच लोकांना विचारलं तर चूक वीस टक्क्यांचीही होऊ शकते आणि ती आकडा वाढवून कमी होत नाही. सरांना १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीचा दाखलाही दिला. तिथल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने लोकांचा कौल घ्यायला सुमारे १ कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या, २० लाखांहून जास्त परत आल्या आणि अंदाज निघाला की लँडन ५७ टक्के घेऊन जिंकणार. निवडून आले रूझवेल्ट, जवळजवळ ६१ टक्के मतं घेऊन. नावं घेतली होती टेलिफोन डिरेक्टरीतून आणि मोटारींच्या नोंदणीतून, मंदीच्या काळात, म्हणजे मुख्यतः पैसेवाल्यांचीच. त्यात ज्यांनी कष्ट घेऊन पत्रिका परत पाठवल्या ते आणखी वेगळे. सर शांतपणे म्हणाले, "हे परीक्षेत लिही, मार्क मिळतील. फॉर्मवर ३८४ घाल."

सिनॉप्सिस पास करणाऱ्या समितीची बैठक महिन्यातून एकदा. मी गेले की मॅडमचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या मीटिंगला ठेवू." पुढच्या मीटिंगला कोरम झाला नाही. मधल्या काळात कॉलेजं सुटत आली आणि माझ्या भागातली पीजीची पोरं बॅगा भरून गावी निघाली. म्हणजे ज्यांना विचारायचं तीच माणसं हातची चालली आणि इकडे लाल गोल तसाच. चिडून भांडावंसं वाटत होतं. भांडून कागद पुढे सरकत नाही, एवढं तोवर कळलं होतं.

मग फॉर्म पुन्हा नीट वाचला. रकान्यात नुसतं 'सॅम्पल साइझ' होतं. गाठायची घरं की पूर्ण झालेल्या मुलाखती, याचा खुलासा नव्हता. मी लिहिलं: 'निवडलेली घरं ३८४, अपेक्षित पूर्ण मुलाखती २४०.' यात खोटं काही नाही. सगळी दारं उघडत नाहीत, हे तसंही लिहायलाच हवं होतं. मॅडमनी ३८४ पाहिलं, शिक्का मारला. ही युक्ती मला सुचली याचा अभिमान वाटतो, आणि तुम्ही ती खुशाल वापरा.

प्रत्यक्ष काम त्या मानाने सोपं गेलं. एक सांगायचं राहिलं: घरांसाठी मतदार यादीवर विसंबू नका. भाडेकरू, विद्यार्थी, नुकते आलेले लोक त्यात बरेचदा नसतात. शिवाय यादीतून नाव उचलून त्या घरी गेलात, तर पाच मतदारांच्या घराला एका मतदाराच्या घरापेक्षा पाचपट संधी मिळते. मी यादीतल्या काही भागांच्या फक्त हद्दी घेतल्या आणि गल्लीतून चालत दारं मोजून स्वतःची यादी केली, पीजी आणि दुकानामागच्या खोल्यांसकट. एकाच सोसायटीत फार घरं घेऊ नका. एका बसस्टॉपवर उभे राहणारे वीस जण ही वीस वेगळी मतं नसतात.

दुसरं, कुलूप दिसलं की शेजारच्या दाराची बेल वाजवायची नाही. मोह होतोच. आपल्या संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी पीककापणीच्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं की मोजणीसाठी कापायचा शेताचा तुकडा लहान असला की उत्पादन फुगून दिसतं, कारण कापणारा माणूस हद्दीवरची रोपं नकळत आत धरतो. आपणही हाताशी आलेलं घर तसंच आत ओढतो.

सकाळी अकराला दार उघडलं ते एका काकांनी. आत बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "बस वेळेवर येऊ दे, गाडी उद्याच विकतो." त्यांची अ‍ॅक्टिव्हा भाजी आणि बँक यापलीकडे जात नव्हती. शेजारच्या दाराला कुलूप, कडीत कुरिअरची चिठ्ठी. तिथे रात्री साडेआठनंतर पुन्हा गेले. एका मुलीने दार उघडलं, हातात हेल्मेट, नाइट शिफ्टला निघालेली. "ताई, मी पहाटे चारला सुटते. तेव्हा कुठली बस?" मी दिवसाच उरकलं असतं, तर वहीत फक्त काकांचंच मत आलं असतं.

म्हणून प्रत्येक मुलाखतीपुढे दार कितव्या फेरीत उघडलं ते लिहा. माझ्याकडे पहिल्या फेरीतल्या घरांचा होकार भरघोस होता. रात्री आणि रविवारी सापडलेल्यांचा बराच कमी. शेवटपर्यंत न उघडलेली दारं या दुसऱ्या गटाच्या जवळची असणार, असं धरून मी अंदाज खाली आणला आणि एका आकड्याऐवजी पल्ला दिला. व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं हेच पान उघडून विचारलं.

प्रश्नही बदलावा लागला. 'बस वेळेवर आली तर वापराल का?' याला नाही कोण म्हणेल? त्याआधी 'गेल्या सात दिवसांत बसने किती वेळा गेलात?' हे विचारा.

आणि फॉर्म देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख टाकून घ्या. माझा एकदा गहाळ झाला होता, प्रत होती म्हणून निभावलं.