स्पॅनिशमधे शुभेच्छा द्यायच्यात, मग शब्द कुठला?

स्पॅनिशमधे कुणाचं भलं चिंतायचं असलं की बहुतेक लोक ॲप उघडतात आणि पहिला दिसेल तो शब्द चिकटवून मोकळे होतात, म्हणजे सुएर्ते, नशीब. शब्द बरोबरच आहे, परीक्षेला किंवा इंटरव्ह्यूला निघालेल्याला 'बुएना सुएर्ते' किंवा नुसतं 'सुएर्ते!' म्हणतातच. पण हा शब्द आलाय लॅटिनमधल्या चिठ्ठ्या टाकण्याच्या शब्दावरून, म्हणजे लागली तर लागली. 22 डिसेंबरला स्पेनमधे ख्रिसमस लॉटरीची सोडत असते, शाळेतली मुलं आकडे गाऊन सांगतात, तिथे सुएर्तेच हवा. नवीन लग्न झालेल्यांना मात्र नुसतं सुएर्ते लिहिलेलं मला अजिबात आवडत नाही, पुढे काय वाढून ठेवलंय कुणास ठाऊक असा सूर लागतो त्याला.

आशीर्वादाला बेंदिसिओन, आणि हा माझा सगळ्यात लाडका. व्हेनेझुएला, डॉमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको या भागात मुलं घरातून निघताना, फोन ठेवताना आईला किंवा आजीला 'बेंदिसिओन' म्हणतात, म्हणजे आशीर्वाद मागतात, आणि पलीकडून लगेच 'दिओस ते बेंदिगा' येतं, देव तुझं भलं करो. चांगली मोठी, पोरंबाळं असलेली माणसंसुद्धा मागतात हो! फक्त यात देव आहे, त्यामुळे ऑफिसच्या मेलमधे अनोळखी माणसाला लिहिण्याआधी जरा विचार करा.

फोर्तुना म्हणजे नशीब खरं, पण रोजच्या बोलण्यात त्याला पैशाचा वास येतो, 'ऊना फोर्तुना' म्हटलं की गडगंज पैसा.

दिचा मात्र सुंदर आहे, सुख आणि भाग्य दोन्ही त्यात आलं. मूळ अर्थ 'बोललेलं', देवांनी बोलून ठेवलेलं ते नशीब. थोडा पुस्तकी आहे, कार्डावर शोभतो. पण त्याचं विशेषण दिचोसो जपून वापरा, नामाच्या आधी आलं तर बऱ्याचदा अर्थच फिरतो, 'एल दिचोसो तेलेफोनो' म्हणजे हा मेला फोन!

आणि काम झालेलं असेल, नोकरी लागली, बाळ झालं, तर स्पेनमधे एनोराबुएना, म्हणजे अभिनंदन, फोडून बघितलं तर 'चांगल्या घटकेला'. लग्नाच्या कार्डावर मी तरी सरळ 'के सेआन मुई फेलिसेस' लिहीन, खूप सुखी व्हा, आणि जोडपं स्पेनमधलं, जवळचं असेल तर सेआनच्या जागी सेआइस.