फुकट असूनही लोक का येत नाहीत?

मी जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचे कान तपासते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच: तपासणी फुकट, मशीन हजर, मग दुसऱ्या तपासणीला लोक येत का नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असतं. अडाणीपणा, नाहीतर मुलगी झाली असेल. दोन्ही गोष्टी आहेत, नाही असं नाही. पण आमच्या हातून निसटणारी बहुतेक बाळं त्यामुळे निसटत नाहीत.

तपासणी सोपी आहे. बाळ झोपलेलं असताना कानात मऊ रबरी टोक बसवून बारीक आवाज सोडायचे. आतला कान ठीक असेल तर तिथून अगदी क्षीण प्रतिसाद परत येतो, तो मशीन टिपतं. याला ओएई म्हणतात. निकाल दोनच, ‘पास’ किंवा ‘रेफर’. रेफर म्हणजे बहिरेपण नव्हे. कानात गर्भजल किंवा चिकटा राहिला, बाळ चुळबुळलं, तरी रेफर येतं. म्हणून काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं आणि तरीही तसंच आलं तर बेरा करायची, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का हे बघणारी तपासणी. महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र वगैरे सुरू, असं हे जगभर मानलेलं १-३-६ चं वेळापत्रक.

आता ते आपल्याकडच्या बाळंतपणावर ठेवून बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. केसपेपरवर पत्ता माहेरचा, मोबाईल नवऱ्याचा आणि नवरा चाकणला कंपनीत. बारसं झालेलं नसतं, त्यामुळे बाळाच्या नावाच्या जागी आईचंच नाव. सव्वा महिना बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही; तिसऱ्या महिन्यात ती सासरी गेलेली असते, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. फोन केला तर नवरा म्हणतो, “ती तिकडंच आहे मॅडम, मेव्हण्याला सांगतो.” मेव्हण्याला काय कळणार! आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन जातात, पण त्या माहेरच्या गावच्या. ऊसतोडीची कुटुंबं तर दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतात, ती उन्हाळ्यातच परततात.

शिवाय घरात पुरावा असतो. आजी ताटावर चमचा आपटते, बाळ दचकतं. “बघा, ऐकतंय की!” आजी खोटं बोलत नसते. कमी ऐकू येणारी कितीतरी बाळं मोठ्या आवाजाला दचकतात, काही नुसत्या हादऱ्याने, हललेल्या हाताने. सुरुवातीचे महिने ती हुंकारही देतात, इतर बाळांसारखेच. वर कुणीतरी सांगतंच, याचा बापही उशिराच बोलला होता.

आणि मग आम्ही. दुसऱ्या दिवसाची ओली बाळंतीण, टाके ओढतायत, दूध धड उतरलेलं नाही. तिला रेफर सांगताना आमच्यातलं कुणीही पटकन म्हणतं, “घाबरू नका, कानात पाणी असेल.” ते बहुतेकदा खरंही ठरतं. शेजारणीच्या बाळाचं दुसऱ्या वेळी पास आलं हे वॉर्डात सगळ्यांना ठाऊक असतं. मग कशाला यायचं? उलट कडक शब्दांत सांगावं तर घरी बोलणी तिलाच खावी लागतात. मी आता एवढंच म्हणते: “बऱ्याच बाळांचं नंतर चांगलं निघतं. तुमच्याचं निघेल का, हे पुन्हा तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही.” आणि सासू किंवा वडील समोर असल्याशिवाय शक्यतो बोलत नाही. गाडीभाडं कोण देणार हे त्यांच्या हातात असतं.

बेरापर्यंत पोचलेल्यांची तर मला कमाल वाटते. त्या तपासणीला बाळ गाढ झोपलेलं लागतं. आई पहाटेपासून त्याला जागं ठेवते, एसटीत बसल्यावर ते गाढ झोपतं आणि आमच्या दारात डोळे टक्क उघडे. झोपेचं औषध दिलं तरी काही पठ्ठे हसत बसतात. दोघांची रोजी बुडालेली असते आणि हातात पुढची तारीख.

मला विचाराल तर वेगळी तारीख देणंच चूक आहे. दीड महिन्याचा डोस कुणी सहसा चुकवत नाही आणि डोसचं कार्ड बाळाबरोबर सासरी जातं. आमची चिठ्ठी माहेरच्या फायलीत राहते. रेफरचा शिक्का त्या कार्डावरच पडला आणि डोसच्याच दिवशी, तिथेच कान बघितले गेले तर निम्मं काम होईल. पण डोस उपकेंद्रात मिळतो आणि मशीन असतं जिल्ह्याला.

तुमच्या ओळखीत कुणाचं रेफर आलं असेल तर एक सांगा. पहिली तपासणी जिथे झाली तिथेच परत यावं लागतं असं नाही. सासरच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, लहान मुलांच्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं सरकारी डीईआयसी केंद्र कुठे आहे विचारा, कागद दाखवा. आणि कागदावर नंबर मागतील तेव्हा नवऱ्याच्या नंबराखाली आईचाही लिहा.