एवढ्यासाठी कोर्टात?

"अहो, एका कुंपणासाठी कोर्टात आलात?" आज सॅन होजेला स्मॉल क्लेम्सच्या, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टाच्या, कॉरिडॉरमध्ये आमचे शेजारी असं म्हणाले आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. झाड त्यांनी तोडलं, फांदी आमच्या कुंपणावर, दुरुस्तीचं १,४०० डॉलरचं कोटेशन पत्राने पाठवलं तर साधं उत्तर नाही.

जजबाईंनी पहिलं तेच विचारलं, पैसे आधी मागितले होते का? पत्राची कॉपी फोटोंसकट पुढे ठेवली.

कॅलिफोर्नियात इथे वकील उभा करता येत नाही, १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा माणसाने स्वतःच मांडायचा, दावा टाकायची माझी फी फक्त ३० डॉलर, कागद मात्र समोरच्याला आपण स्वतः द्यायचे नाहीत, तिऱ्हाईताने द्यायचे. आणि दावा टाकणारा हरला तर त्याला अपील नाही, समोरच्याला आहे, हे मला अजिबात पटत नाही.

निकाल पोस्टाने येईल.

संबंध बिघडतील म्हणून गप्प बसा असं घरचे म्हणत होते, पण नुकसान करून उत्तरही न देणाऱ्याने ते आधीच बिघडवलेत ना? इथली आपली कितीतरी मंडळी घरमालकाने डिपॉझिट बुडवलं तरी सोडून देतात. तुमच्यापैकी कोणी दावा टाकलाय का, वसुली झाली का?