लाल चकती

एका खासगी संग्रहातलं तैलचित्र घेऊन लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात गेले होते. या कामाला कुरिअर म्हणतात. करायचं एवढंच, की क्रेटवरून, म्हणजे चित्राच्या लाकडी पेटीवरून, नजर हलवायची नाही. कार्गो शेडमध्ये पॅलेटवर जाळी आवळली जाईपर्यंत उभं राहायचं, मग रात्रीचे तीन का वाजेनात. यावेळी क्रेटही मला बंदच मिळाला. पॅकिंग आदल्या दिवशीच उरकलेलं.

तिकडे क्रेट उतरला आणि बाजूची, क्रेट कलला की रंग बदलणारी चकती लाल! म्हणजे वाटेत कुणीतरी तो आडवा केला होता. वाहतूक एजंटला फोन लावला. "मॅडम, ती स्टिकरं होतात अशीच लाल." होत नाहीत. त्यासाठीच तर लावतात.

लगेच उघडताही येत नाही. आतलं तापमान खोलीशी जुळेपर्यंत, साधारण 24 तास, क्रेट तसाच ठेवावा लागतो. तेवढा वेळ तिथल्या टर्बाइन हॉलमध्ये येरझाऱ्या घातल्या. सुमारे दीडशे मीटर लांब, 35 मीटर उंच. हे बँकसाइडचं वीजघर. 1981 मध्ये बंद पडलं, 2000 मध्ये संग्रहालय झालं. शिल्पकार डोरिस साल्सेदोनं 2007 मध्ये इथल्या जमिनीला लांबलचक भेग पाडली होती. नंतर ती बुजवली, पण व्रण अजून दिसतो. पोरं त्यावरून धावत होती, कुणाला सोयरसुतक नाही.

दुसऱ्या दिवशी क्रेट उघडला. टॉर्च पार आडवा, कॅनव्हासला जवळजवळ टेकवून धरला की रंगाचा बारीकसा फुगवटाही सावली टाकतो. नोंदी पेन्सिलीनंच, चित्राजवळ पेन न्यायचं नाही. उजवीकडे खाली तिळाएवढा रंग उडालेला. कडा धारदार, रंगाखालचा अस्तराचा थर पांढराशुभ्र, धुळीचा कण नाही. म्हणजे इजा ताजी. मग उडालेला कपचा कुठाय? फ्रेमच्या खाचेत, वेष्टणाच्या घडीत, फोमवर, भिंग लावून शोधला. नाही सापडला. मालकांनी पाठवलेल्या जुन्या फोटोत नेमका तोच कोपरा फ्लॅशनं पांढरा झालाय. आणि हे चित्र त्यांच्या दिवाणखान्यात थेट एसीच्या झोतात टांगलेलं मी स्वतः पाहिलंय. पैसेवाल्यांना चित्र घेता येतं, सांभाळता येत नाही.

मालक म्हणतात नवं, एजंट म्हणतो जुनं. विमा कंपनीला एका ओळीत उत्तर हवंय, प्रवासात की आधी. फोटो मोठा करून करून पाहतेय. मेल अजून ड्राफ्टमध्येच आहे.