तीनशेला एक कमी

रोटरी असो, लायन्स असो, या क्लबांचं वर्ष 1 जुलैला सुरू होतं आणि 30 जूनला संपतं. आमच्या डांगाणात, या डोंगराळ भातपट्ट्यात, मात्र जूनअखेर म्हणजे रोपं टाकून झालेली, पाऊस धरला की आवणी, म्हणजे भाताची लावणी. त्यातून 'पावसाळ्यात डोळा उघडू नये' हा समज. अध्यक्षांना वर्षअखेरीला मोतीबिंदूच्या ऑपरेशनांचे आकडे हवे असतात, नेमके तेव्हाच पेशंट मिळत नाहीत. मी एका धर्मादाय नेत्र रुग्णालयात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून चष्म्याचा नंबर काढणारी. चौदा वर्षांत चौदा अध्यक्ष पाहिले, आणि जूनमध्ये प्रत्येकाचा फोन आला.

यंदाच्या अध्यक्षांचा 24 तारखेला आला. "मॅडम, 288 झालीत. बारा द्या, तीनशे करू. अहवाल छापायचा थांबवलाय."

माणूस चांगला आहे. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. जूनमध्ये बियाणं-खताच्या गर्दीत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, तरी गल्ला भावाच्या हवाली करून ते शिबिराला येतात, सतरंज्या स्वतः उचलतात. पुढच्या वर्षाचे अध्यक्ष मात्र फोटोपुरते येतात. हे माझं मत, असू दे.

27 तारखेला ग्रामपंचायतीच्या पडवीत शिबिर लागलं. डोळे तपासणं म्हणजे डॉक्टरने टॉर्च मारणं, असं लोकांना वाटतं. आधी सहा मीटरची दोरी, भिंतीवर ई-चार्ट. अक्षरओळख नसलेल्यांनी ई-चे दात कुठल्या बाजूला आहेत ते हाताने दाखवायचं. मग शुगर, बीपी, आणि अश्रुनलिकेत पाणी मारून ती उघडी आहे का ते बघायचं. नलिकेतून पू आला तर ऑपरेशन नाही, कारण तोच पू डोळ्यात उतरतो. या चाळणीतून दुपारी दोनपर्यंत अकरा जण उरले. पाऊस सुरू झाला होता, आता कोण येतंय, म्हणून मी लेन्सची पेटी आवरायला घेतली.

तेवढ्यात एक आजी आल्या. डोक्यावर इरलं, हातात काळा चष्मा, ऑपरेशननंतर आम्ही देतो तो. टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ह्यो घे माघारी. वरीस झालं घालून. कायबी दिसत न्हाई."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. गेल्या जूनमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी काढताना आमच्याच वॉर्डात कुणीतरी ओरडून सांगितलं होतं, चष्मा चाळीस दिवस काढायचा नाही. उन्हापासून, धुळीपासून वाचवायला दिलेली काळी काच हाच आपला नंबराचा चष्मा, असं त्या समजून बसल्या. चाळीस दिवसांनी खरा नंबर काढायला या, हे कुणी सांगितलं असेल-नसेल. कागदावर लिहिलेलं असतं. आजींना कागद वाचता येत नाही, हे मात्र आमच्याच केसपेपरवर अंगठ्याच्या रूपाने होतं.

उजवा डोळा 6/60, म्हणजे निरोगी डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते यांना सहा मीटरवरून. पिनहोल लावलं. काळ्या चकतीला सुईएवढं भोक, एवढंच ते यंत्र, पण माझ्या पेटीत त्याच्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. त्यातून आजी चार ओळी खाली उतरल्या. म्हणजे पडदा, नस शाबूत, चूक फक्त नंबराची. बिनटाक्याच्या ऑपरेशनात वरून बोगदा पाडून मोती बाहेर काढतात. मोती कडक असला की बोगदा मोठा पडतो, आणि जखम भरताना बुबुळाचा गोलावा उभ्यात सपाट होतो. रेकॉर्डच्या अंधाऱ्या खोलीत रेटिनोस्कोपची, म्हणजे नंबर शोधायच्या बॅटरीची, उजेडाची रेघ आधी आडवी फिरवली, मग उभी. दोन्हींकडची सावली सारख्या वेगाने सरकेना. उणे दीड, सिलिंडर म्हणजे एकाच दिशेचा नंबर उणे अडीच, त्याची दिशा म्हणजे ॲक्सिस 90. शिबिराच्या तयार चष्म्यांच्या खोक्यात सिलिंडर नसतो, तो बनवूनच घ्यावा लागतो. ट्रायल फ्रेममध्ये काचा बसवल्या, 6/9.

2017 पासून आपल्याकडे अंधत्वाची सरकारी व्याख्या 3/60 पेक्षा कमी दृष्टी अशी आहे. आजी त्यात बसत नव्हत्या, आणि वर्षभर तांदळातले खडेही त्यांना निवडता येत नव्हते.

फ्रेम घालून त्या पडवीत आल्या आणि क्लबच्या फ्लेक्सपुढे थांबल्या. गेल्या वर्षीच्या शिबिराचा फोटो, मध्ये तेव्हाचे अध्यक्ष, दोन्हींकडे काळ्या चष्म्यांची रांग.

"ही कोण?"

"तुम्हीच की आजी."

"व्हय," बराच वेळ बघून त्या म्हणाल्या, "लुगडं शेजारणीचं व्हतं."

आजींच्या डाव्या डोळ्यात मोती पूर्ण पिकलेला, नुसती हाताची हालचाल कळत होती. अध्यक्षांच्या हे लक्षात आलंच. "आजी, परवाच्या गाडीत चला, दुसराही करून टाकू."

"आधी ह्यो चस्मा दे. मग इचार करीन."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी एक शब्द टाकला असता तर आजी गाडीत बसल्या असत्या. आणि तो शब्द खोटाही नव्हता. पिकलेला मोती तसाच ठेवला तर फुगतो, कधी त्यातलं पाणी झिरपतं, डोळ्याचा दाब चढतो आणि दुखण्यापायी माणूस रात्री-अपरात्री धावत येतो. त्यांचा डोळा काढणीला आलेलाच होता. मी गप्प बसले. आजींचं म्हणणं रास्त वाटलं म्हणून, की अध्यक्षांचे तीनशे होऊ नयेत म्हणून, याचा मला अजून उलगडा होत नाही.

चष्म्याचे पैसे अध्यक्षांनी खिशातून काढले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आशाताईंनी तो वाडीवर पोचवला. आजी डाव्या डोळ्याला आवणीनंतर बघू म्हणाल्या आहेत.

अहवाल व्हॉट्सॲपवर आला. मला वाटलं होतं तीनशेच छापतील, कोण मोजायला येतंय? त्यांनी 299 छापलं. पदग्रहणाच्या जेवणात मला म्हणालेसुद्धा, "मॅडम, तुम्ही अडवलंत." शेवटच्या पानावर आगामी उपक्रम होते. वृक्षारोपण, वह्यावाटप, रक्तदान, दिवाळी फराळ, नेत्र शिबिर. चष्म्याचा शब्द नव्हता. जूनमधलं ऑपरेशन मावळत्या अध्यक्षांच्या खात्यावर पडतं, चाळीस दिवसांनी येणारा ऑगस्टमधला नंबर नव्या अध्यक्षांच्या काळात येतो, आणि तो मोजायला रकाना कुणाच्याच अहवालात नाही. मी क्लबला काय नावं ठेवू? आमच्या रुग्णालयालाही सरकारी अनुदान ऑपरेशनमागेच मिळतं. नव्या अध्यक्षांशी बोलले तर म्हणाले, बोर्ड मीटिंगमध्ये घेऊ.

तोवर मी गेल्या जूनचं रजिस्टर काढलंय. दुपारी ओपीडी ओसरली की एकेका नंबरावर फोन लावते. बहुतेक फोन मुलांचे, पुतण्यांचे, कुणी नाशिकला कंपनीत, कुणी मुंबईत. काल एकाने लगेच उचलला. आईच्या चष्म्याचं विचारलं.

"मिळाला ना मॅडम, तेव्हाच मिळाला. काळा."